शिटी तिसरी की चौथी?

कोल्हापुरात रविवारी मटणाचा बेत म्हणजे तीन आघाड्या: कुकरात मटण, एका शेगडीवर तांबड्याची फोडणी, दुसरीवर पांढरा. नारळाचं दूध घातल्यावर पांढऱ्याला खळखळून उकळी आली, की दुधातली प्रथिनं गोळा होतात, तेल सुटतं आणि रस्सा फुटतो. तेवढी पाच-सात मिनिटं तिथून हलायचं नाही. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड करणारी मेंदूची वेगळी जडणघडण) असलेल्या माणसाला हेच जड जातं.

‘लक्ष कुठंय तुझं?’ हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं असतं. लक्ष असतंच, फक्त ते हवं तिथं टिकवणं आणि वेळेवर सोडवणं अवघड. हातातलं काम, पुढची पायरी आणि सरलेला वेळ यांचा मेळ मेंदूचा पुढचा भाग घालतो. त्यात डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचा मोठा वाटा असतो, आणि एडीएचडीत तिथलाच कारभार वेगळा चालतो. पाच मिनिटं आणि पंचवीस मिनिटं आतून सारखीच वाटू शकतात. (एखादी भाजी करपली म्हणजे एडीएचडी नव्हे. निदान करताना लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून होती का, हे मानसोपचारतज्ज्ञ तपासतात.)

कुकरची शिटी ऐकू येते, पण मोजणी डोक्यातच ठेवावी लागते, आणि घोळ तिथं होतो. चार शिट्ट्या हव्यात तर ओट्यावर लसणाच्या चार पाकळ्या मांडाव्यात आणि शिटीगणिक एक वाटीत टाकावी. पाकळ्या संपल्या की गॅस बंद. मोबाइलचा टायमर मला तितकासा पटत नाही. तो बंद करायला गेलेला माणूस रील बघत बसतो. खिशात मावणारा साधा टायमर बरा.

उन्हाळ्यात डंकावरून वर्षाची कांदा-लसूण चटणी करून आणायची आपली रीत इथं फार कामाची. भाजणं, निवडणं, प्रमाण ठरवणं सगळं एकदाच उरकतं. रोज उरतो एक चमचा.

केकमध्ये मात्र क्रम चुकवून चालत नाही. दह्याशी गाठ पडताच सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. मिश्रण कालवून फोनवर बोलत बसलं, तर तो वायू भांड्यातच उडून जातो आणि केक चपटा होतो. म्हणून ओव्हन 180 अंशांवर तापवणं आणि डब्याला तूप लावणं आधी, ओलं-कोरडं एकत्र करणं शेवटी. सगळ्या बरण्या डावीकडे ठेवून वापरलेली उजवीकडे सरकवली, की ‘सोडा घातला का?’ हा प्रश्नच उरत नाही. पुढचं काम ओटीजीचं, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनचं: वेळ संपली की घंटा वाजते आणि हीटरही आपोआप बंद होतो. घरच्या साध्या शेगडीला ही सोय नाही. त्यामुळे रस्सा फोडणाऱ्या हातांना केक बरा जमला, तर मला त्यात नवल वाटत नाही.