पूर्वप्राथमिक वयातील शारीरिक वाढ आणि कारक विकास (मराठवाडा)

तीन ते सहा वर्षे या वयात मुलाची उंची, वजन, शरीराची ठेवण आणि हालचालींवरचा ताबा यांत होणारे बदल या नोंदीत घेतले आहेत. वाढ किलोत आणि सेंटिमीटरमध्ये मोजता येते. कारक विकास म्हणजे त्या शरीराने मुलाला काय करता येते ते, आणि ते मुलाबरोबर बसून पाहावे लागते.

जन्माचे दाखले सर्रास नव्हते तेव्हा शाळेत नाव घालताना गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती लागला की लेकरू पहिलीच्या वयाचे झाले. या जुन्या रीतीत शरीरशास्त्र आहे. जन्मतः डोके एकूण उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. पाच-सहा वर्षांपर्यंत हे प्रमाण एक षष्ठांशाच्या आसपास येते, कारण या काळात डोक्यापेक्षा हातपाय भराभर लांबतात. मात्र खुरटलेल्या मुलाचा हात वय भरूनही कानापर्यंत पोचत नसेल, तर त्याला वयाने लहान ठरवले जाण्याचा धोका या रीतीत होता.

तिसऱ्या वर्षानंतर मूल दर वर्षी साधारण दोन किलो वजन आणि सहा-सात सेंटिमीटर उंची मिळवते. पोट आत जाते, गाल उतरतात, पाय लांब दिसू लागतात. ‘बाळसं उतरलं’, ‘लेकरू अंग धरत नाही’ ही आयांची काळजी इथूनच सुरू होते. बाळसे उतरणे हे या वयाचे स्वाभाविक लक्षण आहे. वजन वाढतच नसेल किंवा घटत असेल, तर ती काळजी खरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांनुसार तीन वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची ९६.१ सेंमी व वजन १४.३ किलो असते, मुलीची ९५.१ सेंमी व १३.९ किलो. पाच वर्षांना मुलगा ११० सेंमी व १८.३ किलोपर्यंत, मुलगी १०९.४ सेंमी व १८.२ किलोपर्यंत पोचते. ही मानके ज्या सहा देशांतील मुलांवरून ठरली त्यांत भारतही होता. म्हणून ‘आमच्याकडची माणसंच बुटकी’ हे उत्तर पाच वर्षांखालच्या मुलाबाबत पुरेसे नाही. पोट भरलेले, आजारपणापासून राखलेले मूल कुठल्याही देशात जवळपास सारखेच वाढते. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे २६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. कृशता अलीकडची उपासमार किंवा आजार दाखवते. खुजेपणात मागची कित्येक वर्षे साठलेली असतात, त्यात आईच्या गरोदरपणातले दिवसही आले. खुजे मूल चपळ आणि हसते-खेळते असू शकते, त्यामुळे ते नजरेतून सुटते. उंची मोजल्याशिवाय कळायचा मार्ग नाही.

मोजतानाही चूक होते. दोन वर्षांखाली मुलाला आडवे ठेवून लांबी घेतात, पुढे उभे करून उंची. एकाच मुलाची ही दोन मापे सुमारे ०.७ सेंमीने वेगळी येतात.

हालचालींवरचा ताबा दोन दिशांनी येतो: डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांच्या टोकांकडे. म्हणून पळणे आधी आणि बटण लावणे नंतर. तीन वर्षांचे मूल एकेका पायरीवर एकेक पाय टाकत जिना चढते, तीनचाकी चालवते, गोल काढते. चार वर्षांचे मूल एका पायावर उड्या मारते आणि अधिकाची खूण काढते. पाचव्या वर्षी त्रिकोण जमू लागतो. लंगडी घालता येणे ही तोल आणि पायाच्या ताकदीची घरच्या घरी होणारी उत्तम परीक्षा आहे.

बोटांचे शिक्षण मराठवाड्याच्या घरात आपोआप घडते. तुरीच्या शेंगा सोलणे, चिंचोके वेचणे, आईशेजारी बसून पिठाच्या गोळ्याची चिमुकली भाकरी थापणे, पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणे: या प्रत्येक कामात अंगठा आणि तर्जनी एकमेकांशी जुळवून घेतात. मातीच्या बैलाला शिंगे लावणारे लेकरू पेन्सिल धरायचीच तयारी करत असते. तालुक्याच्या गावांतही आता तीन वर्षांच्या मुलाला चौकटीच्या वहीत अक्षरे गिरवायला बसवतात, ही घाई चुकीची आहे. मनगटाची आठही हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि ती पूर्ण हाड व्हायला प्राथमिक शाळेची वर्षे लागतात. डावखुऱ्या मुलाच्या हातावर मारून उजवा हात लावणेही असेच अनाठायी. हाताची पसंती या वयात ठरत असते, ती ठरू द्यावी.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे रोज पूरक आहार द्यावयाचा असतो, तीव्र कमी वजनाच्या मुलाला तो अधिक. दर महिन्याचे वजन वृद्धी आलेखावर मांडले जाते. एका वजनावरून फारसे कळत नाही, रेघ कुठे वळते ते पाहायचे. राज्यातले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली औरंगाबादहूनच (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झाले.

वजनाच्या या रेघेला मराठवाड्यात मोठा खंड पडतो तो ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लेकरू उसाच्या फडाकडेच्या कोपीपाशी (तात्पुरत्या झोपडीपाशी) पळते, उड्या मारते, गाडीवर चढते. मोठे स्नायू तिथेही काम करतात. गमावते ते गरम आहार, झोप आणि मोजमाप. ज्या गावात टोळी उतरते तिथल्या अंगणवाडीत त्या मुलाचे नाव लागले नाही, तर आलेखावर चार-पाच महिने कोरे राहतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत रेघ खाली वळलेली असू शकते.

तीन वर्षांचे मूल वारंवार पडत असेल, चार वर्षांचे दोन्ही पायांनी जागेवर उडी मारू शकत नसेल, किंवा कोणत्याही वयात आलेले कौशल्य हरवत असेल, तर वाट पाहू नये. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. गरज दिसल्यास मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते आणि तिथली तपासणी व उपचार मोफत असतात.