दूध, झोप आणि बाळंतिणीचे मन

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत पहिले बाळंतपण अजूनही बहुधा माहेरीच होते, आणि बाळंतिणीच्या खोलीची व्यवस्था ठरलेली असते: बाजेखाली शेगडी, कुशीत कानटोपी घातलेले बाळ, डब्यात अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, जेवणानंतर चघळायला बाळंतशेपा. यातला बराचसा खटाटोप दुधासाठी असतो. भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाला हातात घेण्याआधी विचारते, 'दूध पुरतंय काय गं?' विचारण्यामागे मायाच असते. पण तेच दिवसातून चार तोंडांनी कानावर पडू लागले की बाळंतिणीला आपली परीक्षा चालल्यासारखे वाटू लागते. तुला झोप लागते का, उगीच रडू येते का, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. स्तनपान आणि प्रसूतीनंतरचे नैराश्य यांच्या संबंधाबद्दल आज जे ठाऊक आहे ते पाहता, मनाची ही चौकशी राहून गेल्यामुळे दुधाचेही नुकसान होते असे म्हणायला आधार आहे.

आधी थोडी वर्गवारी करणे भाग आहे. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कारण नसताना डोळे भरून येणे, चिडचिड होणे, घटकेत हसू आणि घटकेत रडू येणे, हे निम्म्याहून अधिक स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. त्याला आजार म्हणत नाहीत. ही उदासी त्यापुढेही हटत नसेल, बाळ शांत झोपलेले असतानाही आईला झोप येत नसेल, बाळाकडे पाहून काहीच वाटत नसेल किंवा 'मी आई व्हायच्या लायकीचीच नव्हते' असा विचार पाठ सोडत नसेल, तर ते नैराश्य होय. भारतातील ३८ अभ्यास आणि २०,०४३ माता यांची माहिती एकत्र करणारा एक आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के, म्हणजे साधारणपणे पाच बाळंतिणींत एक, असे आहे. तिसरी अवस्था विरळ, हजारात एक-दोघींना होणारी, पण भयंकर असते. तीत भास होतात, भ्रम होतात, झोप पूर्ण उडते आणि बाई स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवावर उठू शकते. अशा वेळी अंगारे-धुपाऱ्यात एक रात्रही घालवू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दूध आणि मन यांची पहिली गाठ शरीरातच बांधलेली असते. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी नऊ महिने चढत जाते आणि वार पडल्यावर दोन-तीन दिवसांत ती कोसळते. प्रोजेस्टेरॉनची ही घसरण म्हणजेच स्तनांना दूध भरू लागण्याचा इशारा असतो, म्हणून पहिल्या चिकानंतरचे भरपूर दूध साधारणपणे ३० ते ७२ तासांनी उतरते. छाती भरून येण्याचे आणि डोळे भरून येण्याचे दिवस एकच असतात, त्यामागे असे कारण आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोळा स्त्रियांना ही दोन संप्रेरके काही आठवडे देऊन नंतर त्यांच्या नकळत बंद करण्यात आली. सोळांपैकी आठ जणींना पूर्वीच्या बाळंतपणात नैराश्य आले होते, आठ जणींना नव्हते. पहिल्या गटातील पाच जणींची मनःस्थिती खालावली. दुसऱ्या गटातील एकीचीही नाही. घसरण सगळ्यांची सारखीच होती, ती सोसण्याची मेंदूची ताकद मात्र वेगवेगळी निघाली. 'आम्ही सात बाळंतपणं केली, आम्हाला कुठं काय झालं' या युक्तिवादाचे उत्तर या सोळा स्त्रियांपाशी आहे.

दुसरी गाठ पान्ह्याची. दूध तयार करण्याचे काम प्रोलॅक्टिन करते, ते बाहेर ढकलण्याचे काम ऑक्सिटोसिन, आणि हे दुसरे संप्रेरक भीती, वेदना व ताण यांच्यापुढे लगेच माघार घेते. १९४८ साली मायकेल आणि नाइल्स न्यूटन या अमेरिकन दांपत्याने हे एका विलक्षण प्रयोगातून दाखवले. प्रयोगातली पाजणारी आई म्हणजे नाइल्स स्वतःच होत्या. काही दिवस त्यांनी निवांतपणे बाळाला पाजले. काही दिवस पाजताना त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, पायाची बोटे दुखेपर्यंत ओढली किंवा त्यांना गणिते घातली. निवांत दिवशी बाळाने सरासरी १६८ ग्रॅम दूध घेतले, त्रासाच्या दिवशी ९९ ग्रॅम. त्रास तसाच ठेवून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले तेव्हा हा आकडा पुन्हा १५३ वर गेला. दूध आटले नव्हते, आत अडकून राहिले होते. प्रयोग एकाच आईवरचा, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये, पण पुढच्या संशोधनाने त्याला दुजोरा दिला आहे. आपल्याकडे बर्फाची तसदी घ्यावी लागत नाही. बारशाची गर्दी आणि जाता-जाता मारलेला एखादा टोमणा तेवढे काम करून जातो.

येथे एक कमी माहीत असलेली गोष्टही नोंदवायला हवी. काही स्त्रियांना पान्हा फुटण्याच्या नेमक्या क्षणी अचानक खिन्नता किंवा धास्ती वाटते आणि काही मिनिटांत ती जाते. ही शारीरिक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा अर्थ बाईला बाळ नकोसे आहे असा नव्हे, आणि ती नैराश्याहून वेगळी आहे.

मग स्तनपानाने नैराश्य टळते, की नैराश्यामुळे स्तनपान सुटते? दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. गरोदरपणातच उदास असलेल्या माता अंगावर पाजणे लवकर सोडतात असे अनेक अभ्यासांत दिसते, आणि पाजणे सुरळीत चाललेल्या मातांमध्ये नैराश्य कमी आढळते हेही दिसते. पण काही आयांना पाजायला लावायचे आणि काहींना मनाई करायची, असा प्रयोग कोणीही नीतीने करू शकत नाही. त्यामुळे मिळालेल्या आकड्यांत गरिबी, सिझेरियन, बाळाचे आजारपण, नवऱ्याची साथ असे सगळेच मिसळलेले असते. यातून वाट काढणारा एक अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या सुमारे १४,००० जन्मांची माहिती घेऊन तीन संशोधिकांनी २०१४ साली एक साधी गोष्ट विचारात घेतली: आईने गरोदरपणी काय ठरवले होते? गरोदरपणात नैराश्य नसलेल्या स्त्रियांत सर्वांत कमी धोका ज्यांनी अंगावर पाजायचे ठरवले आणि पाजले त्यांना होता. सर्वांत जास्त धोका, ज्यांनी पाजायचे ठरवले होते पण ज्यांना ते जमले नाही त्यांना. म्हणजे दुधाइतकेच, कदाचित अधिक, वजन मोडलेल्या इच्छेला होते.

हा निष्कर्ष सीमाभागात आणला तर काय दिसेल, याबद्दल माझा एक तर्क आहे. इंग्लंडमध्ये 'मी पाजणार नाही' असे आधीच ठरवणाऱ्या स्त्रिया बऱ्याच असतात. येळ्ळूर किंवा नंदगडच्या बाळंतिणीला तसे ठरवण्याची मोकळीकच नसते, आणि बहुतेकींना तसे ठरवायचेही नसते. त्यामुळे येथे जिचे दूध कमी पडते ती जवळजवळ नेहमीच सर्वाधिक धोक्याच्या गटात जाऊन बसते, आणि भोवतालचे लोक तिला तिथेच बसवून ठेवतात.

शिवाय 'दूध कमी' हे निदान पुष्कळदा चुकीचेच असते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलिलिटरच मावते आणि तेवढा चीक पुरेसा असतो. पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणे आणि दोन आठवड्यांत भरून येणे हे नेहमीचेच. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. संध्याकाळचे रडणे हा त्याचा मापदंड नव्हे. पण रडण्याला घाबरून घरात दूध-पावडरीचा डबा येतो, बाटली येते, बाळ अंगावर कमी ओढू लागते आणि ओढ कमी झाली की दूध खरोखरच कमी होते. मग शेजारपाजारच्या बायकांचा अंदाज खरा ठरतो आणि बाळंतीण मनातून खचते. अळीव, खसखशीची खीर, तूप-भात यांना माझा विरोध नाही. बाळंतिणीला जास्त पाणी पिऊ न देण्याच्या पथ्याला मात्र आहे. स्तनाग्राला पडलेल्या भेगा आणि चुकीची पकड यांच्याकडेही लाडवांइतके लक्ष दिले गेले तर बरे, कारण पाजतानाच्या तीव्र वेदनेचा नैराश्याशी संबंध आढळलेला आहे.

झोपेचे गणित काहीसे अनपेक्षित आहे. रात्री केवळ अंगावर पाजणाऱ्या आई-वडिलांची झोप बाटली देणाऱ्यांपेक्षा सरासरी ४० ते ४५ मिनिटांनी जास्त भरली, असे २००७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. उठणे, पाणी उकळणे, बाटली धुणे हे वाचते. पण शी-शू बदलणे, ढेकर काढणे, थोपटणे ही कामेही आईच्याच गळ्यात असतील तर हा फायदा टिकेल असे वाटत नाही.

मन आणि दूध यांच्याबरोबर रक्तही तपासायला हवे. प्रसूतीत फार रक्तस्राव झाला तर पंडुरोग होतो, दूध उशिरा उतरते आणि थकवा नैराश्यासारखाच दिसतो. क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीलाच इजा होऊन दूध अजिबात येत नाही. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडल्यानेही मरगळ येते. रक्तस्रावाच्या बाबतीत बेळगावचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात आहे: येथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागाने जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर झालेली, रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टोल गोळीची चाचणी २००६ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत अतिरिक्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले.

मनाच्या बाबतीत जवळचा पुरावा चोर्ला घाटाच्या पलीकडचा आहे. गोव्यात २७० मातांचा पाठपुरावा करणाऱ्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. पैशाची चणचण आणि नवरा-बायकोतील बेबनाव ही कारणे तर होतीच, पण मुलगा हवा असताना मुलगी झाली की धोका वाढत होता. याच प्रकल्पात नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहा महिन्यांनी वजनाला कमी भरण्याची शक्यता जास्त दिसली.

सीमाभागाची स्वतःची एक अडचण आहे. आशाताईच्या घरभेटी रुग्णालयात प्रसूती झाल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. नेमके याच मधल्या काळात नैराश्य डोके वर काढू शकते आणि याच काळात लेकीची सासरी पाठवणी होते. माहेर खानापूर तालुक्यात आणि सासर चंदगड किंवा गडहिंग्लजला असेल तर कर्नाटकातले तायी कार्ड (आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदीचे सरकारी कार्ड) पर्समध्ये घेऊन ती दुसऱ्या राज्यात जाते, आणि एका आशाताईच्या वहीतून उतरलेले नाव दुसरीच्या वहीत चढायचे राहून जाऊ शकते. जाण्याआधी दोन्हीकडच्या आशाताईंचे फोन नंबर एकमेकींना दिले तरी पुष्कळ साधेल.

नैराश्य ओळखण्यासाठी फार मोठे साधन लागत नाही. एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. मागच्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न, एकूण ३० गुण, आणि १३ किंवा अधिक पडल्यास साधारणपणे पुढे पाठवतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे; त्याचे उत्तर 'हो' असेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, थांबू नये. प्रश्न मराठीत विचारावेत की कन्नडमध्ये, हे बाळंतिणीने ठरवावे, आणि त्या वेळी सासूबाई किंवा आई खोलीबाहेर असाव्यात.

उपचारही आवाक्याबाहेरचे नाहीत. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावच्या आरोग्यसेविकांनाच संवादोपचाराचे प्रशिक्षण दिले गेले; २००८ सालच्या अहवालानुसार सहा महिन्यांनी त्यांच्या मदतीत असलेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, तर नेहमीच्या भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. नैराश्य तीव्र असेल तर औषध लागते, आणि 'औषध सुरू केले की पाजणे बंद' ही समजूत बहुतेक वेळा निराधार असते. सर्ट्रालिन हे नेहमी दिले जाणारे औषध दुधात फार थोडे उतरते आणि पुष्कळ बाळांच्या रक्तात ते मोजण्याइतकेही सापडत नाही. मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमसारख्या औषधांबाबत मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. शिवाय आईच्या झोपेसाठी रात्रीचे एखादे पाजणे तिच्याच काढून ठेवलेल्या दुधाने किंवा वरच्या दुधाने दुसऱ्या कोणी भागवावे, असे डॉक्टर सुचवू शकतात. तो आईचा पराभव नाही.

फोनवर मराठीत बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे. दाखल करण्याची वेळ आलीच, तर बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवणारा विभाग आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर 'मी अंगावर पाजते' हे पहिल्याच वाक्यात सांगावे, बाळाचे वजन व वय कागदावर लिहून न्यावे, आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत.