पुढाकार (कार्यमानसशास्त्र)

कामाच्या ठिकाणी कोणी सांगण्याची वाट न पाहता अडचण किंवा संधी आधीच ओळखणे, आपण होऊन काम हाती घेणे आणि अडथळे आले तरी ते तडीस नेणे, या वर्तनाला पुढाकार म्हणतात. सांगितले तेवढेच करणारा तो सांगकाम्या.

पुढाकार घेणाऱ्यासाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या ‘प्रोॲक्टिव्ह’ या शब्दाच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. आजच्या अर्थाचे श्रेय अनेकदा व्हिक्टर फ्रांक्ल या ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञांना दिले जाते. परंतु स्मृतीच्या अभ्यासात हा शब्द १९३० च्या दशकातच आढळतो आणि तिथे त्याचा अर्थ अगदी वेगळा, म्हणजे आधी शिकलेले नंतरच्या शिकण्याच्या आड येणे, असा होता. त्यामुळे शब्दाचा आणि कल्पनेचा इतिहास वेगळा धरणेच सयुक्तिक वाटते. कल्पना निश्चितच जुनी आहे: फ्रेंच खाण-अभियंते आंरी फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांत पुढाकाराचा समावेश असून, हाताखालच्यांना तो घेऊ देण्यासाठी वरिष्ठाने आपला अहंभाव थोडा बाजूला ठेवावा, असे त्यांनी बजावले होते. त्याआधी, १९११ मध्ये, अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी मात्र कामाचे नियोजन कामगाराकडून काढून व्यवस्थापनाकडे सोपवण्याचा आग्रह धरला होता.

पुढाकार हा स्वभाव की परिस्थितीचा परिणाम, हा मुख्य वाद आहे. बेटमन व क्रँट या अभ्यासकांनी १९९३ मध्ये १७ विधानांची मापनश्रेणी तयार करून त्याला स्वभाववैशिष्ट्य मानले. जर्मन मानसशास्त्रज्ञ मिखाएल फ्रेझे यांनी एकीकरणानंतरच्या पूर्व व पश्चिम जर्मनीतील कामगारांची तुलना केली. मुलाखतीत एखादी अडचण सांगून उपाय विचारायचा, उत्तर येताच ‘तेही जमले नाही, मग काय कराल?’ असे पुन्हा विचारायचे आणि किती अडथळे ओलांडले ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. पूर्वेकडे पुढाकार कमी आढळला. कामावर स्वतःचे नियंत्रण आणि कामातील गुंतागुंत कमी असणे हे त्याचे कारण त्यांनी १९९६ मध्ये दाखवले. पुढाकार परिस्थितीवर अवलंबून असतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण पुढाकार शिकवता येतो, असे पुढे दिसून आले. टोगो देशातील १,५०० लघुउद्योजकांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. हिशेब, विक्री इत्यादींच्या नेहमीच्या प्रशिक्षणाचा तसा ठोस परिणाम दिसला नाही.

नोकरीत मात्र वरिष्ठांना पुढाकार हवा असतो, पण तो त्यांच्याच मताशी जुळणारा. या विसंगतीकडे कॅम्पबेल या व्यवस्थापन-अभ्यासकांनी २००० मध्ये लक्ष वेधले.