विमान जड झाले की टेल-हेवी झाले?

रिमोटवर उडणाऱ्या, फोम बोर्डच्या मालवाहू मॉडेल विमानात बदल करताना दोन दोषांची हमखास गल्लत होते. एक म्हणजे विमान जड होणे आणि दुसरा म्हणजे ते शेपटीकडे जड, अर्थात टेल-हेवी होणे. जड विमान चढत नाही म्हणून आपण एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरची हलती पट्टी, ओढतो आणि त्याचे नाक उचलतो. टेल-हेवी विमान आपण काहीही न करता स्वतःच नाक उचलते. शेवट दोन्हींचा स्टॉलमध्ये, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखाची उचल तुटण्यात, होतो, त्यामुळे खाली उभ्या असलेल्यांना दोन्ही अपघात सारखेच दिसतात.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापुरात तपोवन मैदानावर आम्ही हीच चूक केली. विमान 900 ग्रॅमचे, पंखाची पुढून मागे रुंदी 20 सेंटीमीटर, आणि तोल, म्हणजे वजनाचा मध्य किंवा तोलबिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटीमीटरवर अगदी बरोबर होता. उडताना मागून माल टाकता यावा म्हणून आम्ही धड कापून मागे झडप बसवली आणि 300 ग्रॅम तांदळाची पुरचुंडी त्या झडपेजवळ, तोलबिंदूच्या 12 सेंटीमीटर मागे ठेवली. हातातून सुटताच विमानाने नाक उचलले, क्षणभर ते जागीच थबकले आणि डाव्या पंखावर कोसळले. ‘जड झालंय’ असा निकाल सर्वांनी एकमुखाने दिला. मग वजन घटवण्यासाठी, तोलबिंदूच्या 18 सेंटीमीटर पुढे असलेली 180 ग्रॅमची बॅटरी काढून आम्ही 110 ग्रॅमची बसवली. दुसऱ्या खेपेला विमान दहा पावलेही गेले नाही.

घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा चूक कळली. 300 ला 12 ने गुणून 1200 ने भागले की 3 येतात, म्हणजे पुरचुंडीने तोल साडेआठ सेंटीमीटरवर नेला होता. हलक्या बॅटरीने तो जवळपास 9.8 वर, म्हणजे पंखाच्या जवळजवळ मध्यावर नेला. झडप आणि तिचा सर्व्हो, म्हणजे ती हलवणारी छोटी मोटर, यांचे वजन यात धरलेलेच नाही. अशा साध्या विमानाचा तोल पंखाच्या रुंदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागात असावा लागतो. एका दोषावरचा उपाय दुसऱ्या दोषावर केल्यामुळे विमान आम्हीच मोडले, याची चुटपुट मला आजही आहे.

निव्वळ जड विमानाचा स्वभाव वेगळा असतो. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 900 चे 1200 ग्रॅम झाले तर तो सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो. विमानाला धाव जास्त लागते, थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, अधिक द्यावा लागतो आणि वळणे मोठी घ्यावी लागतात, पण ते रिमोटच्या स्टिकचे ऐकते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या आपल्या गावात मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ असते आणि हा जडपणा अधिक जाणवतो. तेच विमान डिसेंबरच्या सकाळी सहज उठते. मोठा पंख, जोरकस मोटर किंवा कमी माल हे येथले खरे उपाय आहेत.

टेल-हेवी विमान मात्र ऐकतच नाही. एलिव्हेटर किंचित हलवला तरी ते उसळते, आणि थ्रॉटल वाढवून ही उसळी थांबत नाही. ओळखण्यासाठी उड्डाणाची वाटही पाहू नये: पंखाखाली तोलाच्या खुणांवर दोन बोटे टेकवून माल भरलेले विमान उचलावे, आणि शेपटी खाली गेली तर ते हातातून सोडूच नये.

म्हणूनच दुरुस्तीत आम्ही मालाचा कप्पा थेट पंखाखाली घेतला आणि झडप तळाला केली, जेणेकरून पुरचुंडी सुटल्यावर वजन कमी होते, पण तोल हलत नाही. पुरचुंडी मागे घसरू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना फोम बोर्डच्या आडव्या पट्ट्या हॉट ग्लूने चिकटवल्या, आणि जुनी 180 ग्रॅमची बॅटरी पुन्हा नाकात गेली.