कातळसडा

कातळसडा : (सडा, कातळ). दक्षिण कोकणातील जांभ्याच्या कठीण कवचाची सपाट, उघडी पठारे व त्यांवरील उथळ, खडेयुक्त मृदा. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि पुढे गोव्यात हे सडे प्रामुख्याने आढळतात. त्यांची उंची बहुतेक ठिकाणी ५० ते २०० मी. असते. बोलीत ‘सडा’ म्हणजे जागा, ‘कातळ’ म्हणजे दगडाची उघडी पाठ आणि ‘जांभा’ म्हणजे दगडाची जात; पण व्यवहारात तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. मुरगावजवळच्या ‘हेडलँड सडा’ या वस्तीच्या नावात हाच शब्द आहे.

मृदाशास्त्रात ५० सेंमी.च्या आत अखंड खडक किंवा मुळांना अभेद्य असा थर लागला, तर ती मृदा उथळ धरतात. सड्यावरची माती बहुधा त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. खळग्यांत वीतभर, इतरत्र बोटभर आणि विस्तृत भागांत काहीच नाही. जी आहे ती तांबडी, भरड आणि लोहयुक्त गोट्यांनी भरलेली.

रचनेच्या दृष्टीने या जमिनीचे जवळचे नाते कोरड्या प्रदेशांतील चुनखडीच्या तव्यावरील (मातीखालच्या घट्ट, सलग थरावरील) खडकाळ मृदांशी आहे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. भारतात मातीतील चुन्याच्या गोट्यांना कंकर, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात चुन्याच्या घट्ट थराला कालीचे म्हणतात. चुन्याने सांधलेल्या थरासाठी ‘कॅल्क्रीट’ आणि लोहाने सांधलेल्या थरासाठी ‘फेरिक्रीट’ या संज्ञा लँप्लू या भूवैज्ञानिकाने १९०२ मध्ये रूढ केल्या. चुन्याचा तवा असा तयार होतो : पावसाच्या पाण्याबरोबर विरघळलेला चुना थोडा खाली जातो आणि पाणी आटले की तेथेच बसतो. प्रथम खड्यांच्या खालच्या अंगाला पुटे चढतात, मग मधल्या फटी बुजतात. एकदा पोकळ्या पूर्ण भरल्या की पाणी वरच अडते आणि थर पापुद्र्या-पापुद्र्यांनी वरच्या दिशेने वाढू लागतो. यासाठी पाऊस हवा, पण बेताचा. कोकणात तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक पडतो, त्यामुळे चुना टिकतच नाही. चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका वाहून जाते. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात आणि भूजलाच्या चढउताराने व सुकण्याने घट्ट होतात. सह्याद्री ओलांडून सुमारे ५०० मिमी. पावसाच्या माण-खटावात उतरले की जमिनीत चुनखडी भेटते. दोन्हीकडचा मूळ खडक मात्र बव्हंशी तोच, बेसाल्ट.

जांभ्याचे शास्त्रीय नाव ‘लॅटेराइट’. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने मलबारातील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या दगडाला ते दिले आणि १८०७ मधील प्रवासवृत्तातून ते प्रचारात आले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. ओला असताना तो लोखंडी हत्याराने कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो, हे त्याने नोंदले होते. चिरेखाणीतल्या कामगाराला हे सांगण्याची गरज नाही.

कोकणातील जांभ्याच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. मेडलिकॉट व ब्लँफर्ड या भूवैज्ञानिकांच्या १८७९ च्या ग्रंथापासून महाबळेश्वर-पाचगणीचा उंचावरचा जांभा आणि किनारपट्टीचा सखल जांभा असे दोन वर्ग करण्याची रीत आहे. सखल जांभा हा वरच्या जांभ्याची झीज होऊन वाहत आलेला आणि पुन्हा सांधलेला गाळ होय, असे एक मत. तो जागच्या जागी खडक कुजून झाला, हे दुसरे. काही छेदांत जांभ्याखाली रंगीबेरंगी, मऊ पट्टा, त्याखाली पांढुरकी-जांभळट चिकणमाती आणि तळाशी कुजका बेसाल्ट असा अखंड क्रम दिसतो. अशा ठिकाणी दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र ज्या छेदांत गोलसर खडे लोहाने सांधलेले आढळतात, तेथे वाहत आलेल्या द्रव्याचा वाटा नाकारता येत नाही. सह्याद्रीचा कडा पूर्वेकडे सरकत गेल्यावर त्याच्या पायथ्याच्या सपाटीवर हा जांभा तयार झाला, असे विडोसन व कॉक्स (१९९६) या भूवैज्ञानिकांच्या मांडणीवरून दिसते. काळाबाबत सावधगिरी आवश्यक आहे. रत्नागिरी परिसरात जांभ्याखाली लिग्नाइट (कच्चा दगडी कोळसा) व वनस्पती-अवशेष असलेली चिकणमाती सापडते. ती सामान्यतः मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीची) मानतात. तेव्हा निदान तेथील कवच त्याहून जुने असू शकत नाही.

जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून झिरपते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाड्या उतारावर व खोऱ्यात, तर सडा ओसाड, याचे कारण हेच. पावसाळ्यात सड्यावर डबकी साचतात. दिवाळीनंतर तो वेगाने वाळतो आणि मार्च ते मे अक्षरशः रणरणतो. पावसाने नव्हे, तर मातीने झालेले हे वाळवंट आहे. येथील बऱ्याच वनस्पती काही महिन्यांत जीवनक्रम उरकतात किंवा कंदरूपाने तग धरतात : सीतेची आसवे, गेंद, आणि कोकणापुरतीच मर्यादित अशी दिपकाडीची एक जाती. महसुली दप्तरात ही जमीन पड वा पोटखराब (लागवडीस अयोग्य) ठरते. वनस्पतिशास्त्रज्ञांना ते वर्णन पटणारे नाही.

ही मृदा आम्ल असते, चुनखडीची अल्कधर्मी. स्फुरद (फॉस्फरस) दोन्हींत पिकाला कमी मिळते. इथे ते लोह-ॲल्युमिनियमशी, तिथे कॅल्शियमशी जखडलेले असते. चुनखडीत लोहाअभावी पाने पिवळी पडतात, जांभ्यावर हा प्रश्न सहसा नसतो. हापूसची कलमे लावण्यासाठी कातळात सुमारे एक मीटर लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे फोडून बाहेरून आणलेली माती व शेणखत भरतात. मुळाला भेग सापडली तर झाड लागते. भातशेती सड्यावर काही ठिकाणीच होते.

सड्याच्या उघड्या पृष्ठावरील कातळशिल्पे (कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी इ.) २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यांच्या काळाविषयी एकमत नाही.

कोकणात चुन्याने सांधलेला थर अजिबात नाही, असे नव्हे. किनाऱ्यावर काही ठिकाणी शिंपल्यांचा चुरा व वाळू चुन्याने घट्ट होऊन ‘करळ’ हा दगड बनलेला दिसतो. तो मृदेतला तवा नव्हे, समुद्राकाठचा निक्षेप आहे. विरल आम्लाचा थेंब टाकला की करळ फसफसतो, जांभा नाही.