सांगोला मतदारसंघ: आबासाहेबांच्या अकरा विजयांपलीकडे

सांगोल्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, ‘आबासाहेब’ म्हणून ओळखले जाणारे आमदार गणपतराव देशमुख यांचे विधानसभेचे अकरा विजय. दुसरी, जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून इथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी केलेला ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हा फोन. एवढ्यावरून या मतदारसंघाचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. सांगोला कधीच एकतर्फी नव्हता. इथे कायम दोन गट राहिले आणि काही वेळा तर निकाल गुलालाची पोती फोडेपर्यंत कुणाला सांगता आला नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा हा भाग. माण नदी नावालाच वाहते आणि पाऊस दर वर्षी हुलकावणी देतो. मतदारसंघात सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातली भाळवणीकडची गावे येतात. लोकसभेला २००८ च्या फेररचनेपासून तो माढ्यात आहे, त्याआधी पंढरपुरात होता. धनगर समाजाची मते मोठी, पण निवडणूक फक्त जातीच्या गणितावर सुटत नाही. सांगोल्यात सभा कुठल्याही पक्षाची असो, भाषण शेवटी पाण्यावर येतेच.

महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या, शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) वाट्याला १५ आल्या. त्या पंधरांत सांगोला होता आणि तिथून आलेले तरुण वकील होते गणपतराव देशमुख. १९६७ ला ते पुन्हा आले. १९७२ ला मात्र इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. त्यांच्या निधनानंतर १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि जागा परत शेकापच्या लाल बावट्याकडे, गणपतरावांकडे आली. नंतर १९७८, १९८०, १९८५, १९९० असा सलग सिलसिला. १९७७-७८ मध्ये गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्रीही झाले. मंत्रिपद गेले की पुन्हा एसटी. आमदार असताना लाल डब्यात इतर प्रवाशांच्या शेजारी बसलेले आबासाहेब हे दृश्य तालुक्यात इतके नेहमीचे होते की गावकऱ्यांना त्याचे विशेष काही वाटत नसे.

पण साधेपणावर कुणी पन्नास वर्षे निवडून येत नाही, हे इथे ठामपणे सांगायला हवे. मागे संघटना होती. गावोगावी शेकापचे जुने कार्यकर्ते होते. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि तिच्यावर कितीतरी घरांची चूल पेटली. त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत भरवलेल्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत गणपतराव पहिल्या फळीत होते. कृष्णेचे पाणी टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांमधून वर उचलून दुष्काळी पट्ट्यात आणा, ही मागणी त्या परिषदांनी वर्षानुवर्षे धगधगत ठेवली. पाणी यायला पिढी गेली. तोवर शेतकऱ्याने थेंबाथेंबावर डाळिंब जगवले होते. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातूनच बंगालकडे सुटली.

आता १९९५. राज्यभर काँग्रेसची पडझड झाली, शिवसेना-भाजप युतीचे पहिले सरकार आले आणि नेमके त्याच वेळी सांगोल्यात काँग्रेस जिंकली. तरुण शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवले. म्हणजे १९६२ ला राज्य काँग्रेसकडे झुकले तेव्हा सांगोला उलटा गेला आणि १९९५ ला राज्य काँग्रेसपासून दूर गेले तेव्हाही सांगोला उलटाच. पुढे १९९९ पासून २०१४ पर्यंत चारही निवडणुका गणपतरावांच्या. २०१४ ला मोदी लाटेत, नव्वदीकडे झुकलेल्या या माणसाने शिवसेनेकडून उभ्या राहिलेल्या शहाजीबापूंना २५ हजारांहून अधिक मतांनी मागे टाकले. तो अकरावा विजय. याला ‘देशातला विक्रम’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती बरोबर नाही, कारण केरळातल्या पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले. महाराष्ट्रापुरता हा विक्रम पक्का आहे आणि तेवढे मोठेपण पुरेसे आहे.

२०१९ ला वयोमानामुळे आबासाहेब थांबले आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. शहाजीबापूंनी ही लढत ७६८ मतांनी जिंकली. त्यांच्या दोन्ही विजयांचे मताधिक्य एकत्र केले तरी ९६० भरते. दोन हजारांच्या एखाद्या गावाने मत फिरवले असते तर हे दोन्ही निकाल बदलले असते. ३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले. वर्षभरात शिवसेना फुटली, शहाजीबापू शिंदे गटात गेले आणि उजनीच्या पाण्यावरची सांगोला उपसा सिंचन योजना पुढे सरकवल्याचे श्रेय घेऊन २०२४ च्या प्रचाराला उतरले.

२०२४ ला शेकापने आबासाहेबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उतरवले. शेकाप महाविकास आघाडीत असूनही ठाकरेंच्या शिवसेनेने दीपक साळुंखेंना उमेदवारी दिली, त्यामुळे लढत तिरंगी झाली. राज्यात महायुतीची लाट असताना सांगोला पुन्हा उलटा गेला. बाबासाहेब २५ हजारांवर मतांनी निवडून आले आणि संपूर्ण विधानसभेत शेकापचा हा एकच आमदार उरला. आकडे मात्र नीट वाचायला हवेत. शहाजीबापू आणि साळुंखे यांची मते एकत्र केली तर ती बाबासाहेबांच्या मतांपेक्षा वीस हजारांहून जास्त भरतात. पुढच्या वेळी समोर एकच उमेदवार असेल तर ही जागा शेकापसाठी पुन्हा १९९५ किंवा २०१९ इतकी अटीतटीची होऊ शकते.