नियंत्रण आलेख कसा वाचावा : ऑनलाइन ऑर्डर पूर्ततेच्या गुणवत्तेविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आपल्या ऑनलाइन दुकानावर आलेल्या ऑर्डर आमच्या गोदामातून रवाना होतात आणि दर महिन्याच्या अहवालासोबत आम्ही आपल्याला काही आलेख पाठवतो. मध्ये एक सरळ रेषा, तिच्या वर आणि खाली एकेक तुटक रेषा आणि त्यांच्या आसपास रोजच्या आकड्यांचे ठिपके, असे या आलेखांचे स्वरूप असते. चुका वाढलेल्या दिसत होत्या त्या दिवशी कोणतीही कारवाई का झाली नाही आणि आकडे बरे दिसत असताना मध्येच चौकशी का लावली गेली, हा त्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संख्याशास्त्रीय प्रक्रिया नियंत्रण या पद्धतीत, म्हणजे ज्याला व्यवहारात एसपीसी म्हटले जाते त्यात आहे, आणि ते सविस्तर सांगण्यासाठी हे माहितीपत्रक आहे.

पद्धत जुनी आहे. वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील आपल्या वरिष्ठांना एका छोट्या टिपणातून नियंत्रण आलेखाचे पहिले रेखाटन पाठवले. तेव्हा प्रश्न टेलिफोनच्या सुट्या भागांचा होता. कोणत्याही प्रक्रियेतून निघणारे आकडे रोज थोडेफार वरखाली होणारच. मात्र हे वरखाली होणे दोन प्रकारचे असते, हे त्यांनी ओळखले. एक चढउतार प्रक्रियेच्या अंगभूत घडणीतून येतो आणि त्यामागे असंख्य बारीकसारीक गोष्टी असतात. ही सामान्य कारणे. दुसरा चढउतार एखाद्या वेगळ्या, शोधून काढता येईल अशा गोष्टीमुळे येतो. ही विशेष कारणे. पहिल्या प्रकारच्या चढउतारामागे विशिष्ट कारण शोधत बसणे जितके वाया, तितकेच दुसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करणे महागात पडणारे. नियंत्रण आलेख या दोहोंत निवड करायला मदत करतो.

मर्यादा कशा ठरतात

समजा, एका गोदामातून रोज सुमारे २,५०० ऑर्डर जातात आणि दीर्घकाळच्या सरासरीने त्यांतील ०.४ टक्के ऑर्डरमध्ये काही ना काही चूक निघते, म्हणजे दिवसाला सरासरी १० ऑर्डर चुकतात. प्रक्रियेत काहीही बदललेले नसतानासुद्धा हा आकडा एखाद्या दिवशी ६ असेल, एखाद्या दिवशी १५ असेल. ‘चूक किंवा बरोबर’ अशा मोजणीसाठीच्या द्विपद वितरणाच्या सूत्राने या प्रमाणाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, सुमारे ०.१२६ टक्के येते. सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या तिप्पट अंतरावर रेषा आखल्या की वरची मर्यादा सुमारे ०.७८ टक्के, म्हणजे १९ ते २० चुका येते आणि खालची जवळपास शून्याला टेकते. म्हणून ज्या दिवशी १६ ऑर्डर चुकल्या त्या दिवशी आम्ही त्या १६ खरेदीदारांना योग्य वस्तू जरूर पाठवतो, पण ‘आज काय बिघडले?’ असा शोध घेत नाही. २० चुकल्या, तर घेतो.

याच मर्यादा दिवसाच्या कामाच्या प्रमाणात बदलतात, आणि टक्केवारीच्या साध्या तक्त्याने नेमकी इथेच फसगत होते. सुटीच्या दिवशी फक्त ४०० ऑर्डर गेल्या तर वरची मर्यादा सुमारे १.३५ टक्क्यांवर जाते. त्या दिवशी ५ चुका, म्हणजे १.२५ टक्के, ही सरासरीच्या तिप्पट टक्केवारी दिसत असली तरी ती मर्यादेच्या आतच आहे. उलट मोठ्या सेलच्या दिवशी १०,००० ऑर्डर गेल्या तर वरची मर्यादा ०.५९ टक्क्यांपर्यंत खाली येते. त्या दिवशी ५५ चुका झाल्या तरी ती प्रक्रियेची नेहमीची चाल आहे, आणि ६० झाल्या तर नाही. अहवालातील तुटक रेषा पायऱ्यांसारख्या वरखाली होताना दिसतात त्या यामुळेच.

रोजचे काम फार मोठे असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. ऑर्डरची संख्या वाढते तशा मर्यादा इतक्या अरुंद होतात की दिवसागणिक बदलणारे मालाचे मिश्रण, पाळ्या आणि गर्दी यांमुळे होणारा स्वाभाविक चढउतारही मर्यादेबाहेर पडू लागतो आणि जवळपास रोज खोटा इशारा मिळतो. अशा ठिकाणी डेव्हिड लेनी यांनी २००२ मध्ये सुचवलेली दुरुस्ती वापरावी, जिच्यात दिवसादिवसांमधील प्रत्यक्ष फरकही मर्यादेच्या हिशोबात धरला जातो.

चूक कशाला म्हणायचे आणि ती कोणत्या दिवसाची

सूत्रे सोपी आहेत. खरी मेहनत मोजणीत आहे. वस्तू चुकीची गेली, संख्या कमी-जास्त गेली, वस्तू फुटलेली किंवा डागाळलेली निघाली, दुसऱ्याचे लेबल लागले, या चार गोष्टींना आम्ही चूक म्हणतो. कापड फोटोत गडद वाटले होते किंवा माप बसले नाही म्हणून परत आलेला माल आमच्या आलेखात धरला जात नाही. तो आपल्या उत्पादन-पानाचा विषय आहे आणि त्याची वेगळी यादी आपल्याला मिळते. परत पाठवताना खरेदीदाराने निवडलेले कारण आम्ही जसेच्या तसे स्वीकारत नाही, कारण परतीचा खर्च टळावा म्हणून ‘चुकीची वस्तू आली’ हा पर्याय निवडणारे थोडे नसतात. परत आलेले पाकीट उघडून, आतील वस्तूचा बारकोड मूळ ऑर्डरशी ताडून पाहिल्यावरच नोंद होते.

झालेल्या चुकीची नोंद तक्रार आली त्या तारखेला न करता ऑर्डर पॅक झाली त्या तारखेला केली जाते. तक्रारीच्या तारखेने आलेख काढला तर मंगळवारी पॅकिंग टेबलावर झालेला घोळ पुढच्या दहा-बारा दिवसांवर पातळ पसरतो आणि कोणत्याच दिवशी उठून दिसत नाही. पॅकिंगच्या तारखेने काढला तर तो एका ठिपक्यात गोळा होतो. या पद्धतीची एक अडचण मात्र आपण लक्षात ठेवावी. अलीकडच्या दिवसांच्या तक्रारी अजून यायच्या असतात, त्यामुळे आलेखाचे शेवटचे टोक नेहमीच उतरते आणि सुखावणारे दिसते. म्हणून परतीची मुदत संपेपर्यंतचे ठिपके आम्ही पोकळ छापतो आणि त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढत नाही. आपणही काढू नये, ही विनंती.

तक्रारींची वाट पाहत बसणे परवडणारे नसल्याने रवानगीपूर्वी बंद पाकिटांचा यादृच्छिक नमुना उघडून तपासला जातो. या तपासणीला मर्यादा आहे. चुकांचे प्रमाण ०.४ टक्के असताना २०० पाकिटे उघडली तर सरासरी एकही पुरती चूक हाती लागत नाही, आणि शून्यावरून काही कळत नाही. त्यामुळे या नमुन्यात आम्ही चूक होण्याआधीच्या पायरीवरच्या, अधिक वारंवार आढळणाऱ्या गोष्टी मोजतो : लेबल सुरकुतलेले आहे का, खोक्यात मोकळी जागा किती राहिली, चिकटपट्टी कडेपर्यंत पोचली आहे का. शेवटचा वजनकाटा अपेक्षित वजन आणि प्रत्यक्ष वजन ताडून पाहतो आणि राहून गेलेली वस्तू बहुधा पकडतो, पण निळ्याऐवजी हिरवा सदरा गेला तर वजनात फरक पडत नाही आणि काट्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

मर्यादेच्या आत असूनही इशारा

ठिपका तुटक रेषेबाहेर गेला म्हणजेच इशारा, असे नाही. सलग आठ ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले तरी आम्ही तो इशारा मानतो. नाणे उडवून सलग आठ वेळा छापच पडण्याची शक्यता २५६ मध्ये १ असते. हिशोब साधारण तोच. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हस्तपुस्तिकेत असे नियम एकत्र दिलेले होते. नियम वाढवत नेले की खोटे इशारेही वाढतात, म्हणून आम्ही मर्यादेबाहेरचा ठिपका आणि सलग आठ, या दोनच नियमांवर थांबतो.

या दुसऱ्या नियमाने काय हाती लागते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. चुकांचे प्रमाण सलग आठ दिवस ०.५ टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. एकही दिवस मर्यादेबाहेर नाही, त्यामुळे रोजच्या आकड्याकडे पाहणाऱ्याला काही खटकत नाही. चुकांची प्रकारवार फोड केली की बाकीचे प्रकार जागच्या जागी आणि ‘चुकीची वस्तू’ तेवढी वाढलेली दिसते. कप्प्यानुसार फोड केली की त्यांतील बहुतेक चुका एका रॅकच्या दोन शेजारच्या कप्प्यांवर येऊन थांबतात. तिथे जाऊन पाहावे तर २०० आणि २५० मिलिलिटरच्या बाटल्यांची नवी खोकी एकाच रंगाची आली आहेत, आकडा बाजूला बारीक अक्षरांत आहे आणि बारकोड तळाशी आहे. खोके उलटे करायला लागू नये म्हणून माल उचलणारा कप्प्यावरचा बारकोड स्कॅन करतो आणि हात शेजारच्या कप्प्यात जातो. स्कॅनर मात्र बरोबर म्हणून हिरवा दिवा देतो. इथे ‘लक्ष देऊन काम करा’ अशी सूचना फळ्यावर लावून काही साधत नाही. दोन्ही माल वेगळ्या रॅकवर हलवणे आणि कप्प्याऐवजी वस्तूचाच बारकोड स्कॅन झाल्याशिवाय पुढची ओळ उघडू न देणे, हा उपाय आहे.

काहीच न करणे हाही निर्णय असतो

एका वाईट दिवसानंतर जादा तपासनीस बसवणे, दुसऱ्या दिवशी आकडा सुधारला की ‘उपाय लागू पडला’ म्हणणे आणि पुन्हा बिघडला की आणखी एक फॉर्म वाढवणे, हा मोह प्रत्येक गोदामात असतो आणि ग्राहकाच्या रागावलेल्या फोनने तो वाढतो. पण प्रक्रिया स्थिर असताना खूप वाईट दिवसानंतर बहुधा बरा दिवसच येतो, कोणी काही करो वा न करो. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग, ज्यांनी १९५० मध्ये जपानमधील अभियंत्यांना आणि उद्योगप्रमुखांना ही पद्धत शिकवली, ते अशा ढवळाढवळीने चढउतार उलट वाढतो हे एका नरसाळ्याच्या प्रयोगातून (नरसाळ्यातून खुणेवर गोळी सोडायची आणि ती चुकली की दर वेळी नरसाळे हलवायचे) दाखवत असत. आम्हीही त्याच मताचे आहोत, आणि एखाद्या दिवसाबद्दल ‘मर्यादेच्या आत, वेगळी कारवाई नाही’ असा शेरा अहवालात दिसला तर तो टाळाटाळीचा समजू नये.

याचा अर्थ ०.४ टक्के चुका आम्हाला मान्य आहेत, असा होत नाही. स्थिर प्रक्रिया म्हणजे चांगली प्रक्रिया नव्हे. ती फक्त तिच्या चुकांबाबत अंदाज बांधता येण्याजोगी असते. सरासरीच खाली आणायची असेल तर एकेका दिवसाची चौकशी उपयोगाची नाही, प्रक्रियेची रचना बदलावी लागते. त्यासाठी टप्प्यांकडे वेगवेगळे पाहावे लागते, कारण माल उचलणे, पॅकिंग, लेबल आणि कुरिअरकडे सोपवणे हे चारही टप्पे प्रत्येकी ९९ टक्के बिनचूक असले तरी पूर्ण बिनचूक ऑर्डर सुमारे ९६ टक्केच उरतात. बदल केल्यानंतर आलेखात टिकाऊ फरक दिसला आणि त्याचे कारण माहीत असले, तरच मर्यादा नव्याने काढल्या जातात, आणि अहवालात त्या ठिकाणी उभी रेषा असते.

वेळेचा आलेख

ऑर्डर आल्यापासून कुरिअरच्या हाती जाईपर्यंतचा वेळ आम्ही वेगळ्या आलेखावर दाखवतो. रोजचा मध्यक, म्हणजे ज्याहून निम्म्या ऑर्डरना कमी आणि निम्म्यांना जास्त वेळ लागला तो आकडा, घ्यायचा, लागोपाठच्या दोन दिवसांतील फरकांची सरासरी काढायची आणि तिला २.६६ ने गुणून मध्यरेषेच्या वर-खाली मर्यादा आखायच्या. सरासरी १९० मिनिटे आणि फरकांची सरासरी १५ मिनिटे असेल तर मर्यादा १५० आणि २३० मिनिटांच्या आसपास येतात. या रेषा प्रक्रियेने स्वतःहून सांगितलेल्या असतात. आपण आपल्या खरेदीदारांना दिलेल्या वचनाशी त्यांचा संबंध नाही. वचन २४० मिनिटांचे आहे आणि वरची मर्यादा २३० आहे, म्हणून सगळे वेळेत जाते, असे मानणे चूक ठरेल, कारण मध्यक २३० असलेल्या दिवशी निम्म्या ऑर्डरना त्याहून जास्त वेळ लागलेला असतो. वचन मोडलेल्या ऑर्डरचे प्रमाण म्हणूनच स्वतंत्र आलेखावर दिले जाते.

ज्यांच्या ऑर्डर कमी आहेत त्यांच्यासाठी

दिवसाला ५०-६० ऑर्डर असणाऱ्या ग्राहकाच्या आलेखावर बहुतेक ठिपके शून्यावरच पडतील आणि त्यातून काहीच वाचता येणार नाही. त्यांच्यासाठी आम्ही दोन चुकांच्या मध्ये किती ऑर्डर बिनचूक गेल्या, ते मोजतो. इथे ठिपका जितका वर तितके चांगले. चुकीचे प्रमाण ०.४ टक्के असताना एका चुकीनंतरच्या दहा ऑर्डरमध्येच दुसरी चूक होण्याची शक्यता जवळजवळ ४ टक्के असते, त्यामुळे पाठोपाठ दोन तक्रारी आल्या म्हणजे काही बिघडलेच, असे नाही. उलट सलग १,६०० ऑर्डर बिनचूक गेल्या तर प्रमाण जुनेच असताना असे घडण्याची शक्यता हजारात दोनहूनही कमी असल्याने काहीतरी खरोखर सुधारले आहे, असे धरायला आधार मिळतो.

आपल्याकडून अपेक्षित माहिती

नव्या ग्राहकाच्या पहिल्या २० ते २५ कामाच्या दिवसांच्या मर्यादा तात्पुरत्या असतात. त्या काळात आणि नंतरही तीन गोष्टी आपल्याकडून वेळेवर कळल्या तर आलेखाचा अर्थ लावणे सोपे जाते : सेलची तारीख आणि अपेक्षित ऑर्डरची संख्या, मालाच्या खोक्यात किंवा वेष्टनात झालेला कोणताही बदल, आणि एकाच वस्तूचे नवे माप, रंग किंवा संच बाजारात आणताना त्याला दिलेला स्वतंत्र बारकोड. दोन वेगळ्या वस्तूंना एकच बारकोड असेल तर तो माल गोदामात स्वीकारताना वेगळा ठेवला जातो आणि नवे स्टिकर लागेपर्यंत विक्रीसाठी उपलब्ध दाखवला जात नाही. आपल्या खात्यातील कोणत्याही ठिपक्यामागच्या ऑर्डरची यादी हवी असल्यास अहवालातील तारीख कळवावी; पॅकिंगची वेळ, टेबल आणि चुकीचा प्रकार यांसह ती पाठवली जाते.